बरडातली काळी माती

वाटणीच्या वेळी लेकीला सही करायला बोलावतात. अण्णांनी मला खड्डा खणायला बोलावलं.

फाल्गुन लागला होता. हरभरा निघाला होता, रानं मोकळी होती. फोन आला तेव्हा मी जालन्याला कॉलेजात होते. मी शेतकी शिकणाऱ्या मुलांना माती शिकवते. मातीत शिकवण्यासारखं काय असतं, हा प्रश्न आमच्या गावात मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी नुसती हसते. त्या दिवशी मात्र अण्णांचा आवाज हसण्यासारखा नव्हता.

"तू ये बाई," ते म्हणाले. "तुझे भाऊ माझं ऐकून न्हाई राह्यले. दोघांलाबी खालचं काळं पाहिजे. बरड कुनालाच नको. तू मातीचं शिकलीस, तूच सांगून टाक कोणतं रान कसं हाय ते."

आमचं गाव केदारखेड्याच्या जरा अलीकडे, रस्ता सोडून आत. रान एका उतारावर आहे. वरचा तुकडा बरड, म्हणजे मुरमाड, पायाला खडे टोचणारा. खालचा तुकडा ओढ्याला लागून, काळाभोर. मधे दगडांचा एक जुना धुरा, म्हणजे बांध. अण्णांचं वय झालं होतं आणि आपल्या डोळ्यांदेखत दोन्ही लेकांचं काय ते ठरावं, असं त्यांना वाटत होतं. थोरला भाऊ गावीच शेती करतो. धाकट्याचं भोकरदनला मोबाइलचं दुकान आहे, पण दुकानात बसून बसून त्याला अलीकडे शेतीची ओढ लागली होती. मी दोघांहून मोठी. लग्नानंतर माहेरच्या रानाबद्दल मी कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि आता एकदम न्याय द्यायला जायचं म्हणजे मला धडकीच भरली.

"अण्णा, मी माती कशी आहे ते सांगते," मी म्हणाले. "वाटणी तुमची तुम्ही करा."

"बराबर," ते म्हणाले. "तेवढंच सांग."

शनिवारी सकाळी मी गावी पोचले. धाकट्यानं जेसीबी ठरवायची तयारी केली होती. मी नको म्हटलं. यंत्राचा दात भिंत लिंपून टाकतो, थर दिसत नाहीत. खड्डा हातानं खणायचा, आणि त्याची एक बाजू अशी ठेवायची की ऊन थेट तिच्यावर पडेल. मग खुरप्याच्या टोकानं ती भिंत हळूहळू टोकरायची. तासायची नाही. मातीचं ढेकूळ जिथं आपणहून सुटतं, तिथंच सुटू द्यायचं. असं केलं की माती आपला खरा चेहरा दाखवते.

"ताई, तू तर पार दागिने घडवल्यासारखं करून राह्यली," धाकटा म्हणाला आणि त्यानं टिकाव उचलला. थोरल्यानं त्याच्याकडे न बघता फावडं घेतलं. दोघं महिनाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते, हे मला मायनं आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं.

पहिला खड्डा खालच्या काळ्या रानात घेतला. जागा मी मुद्दाम निवडली. काही वर्षांपूर्वी थोरल्यानं तिथं मोसंबी लावली होती. झाडं दोन-तीन वर्षं चांगली वाढली, मग बुंध्याला डिंक सुटला, पानं पिवळी पडली आणि एकेक करत सगळी वाळून गेली. त्यानं रोपवाटिकेला शिव्या घातल्या होत्या. एका वाळक्या झाडाचं खोड अजून तिथं होतं. त्याच्या शेजारीच आम्ही खणायला घेतलं.

छातीइतकं खोल गेल्यावर मी आत उतरले आणि भिंत टोकरायला लागले. वरचा थर नांगराच्या तासाइतका, मोकळा, चुरा होणारा. त्यात हरभऱ्याच्या मुळ्यांचं जाळं. ओंजळभर माती घेऊन पाणी शिंपडलं आणि तळहातावर वळली, तर शेवईसारखी लांब वळली गेली, तुटली नाही. म्हणजे चिकणमाती भरपूर. त्याखाली ढेकळं मोठी आणि टणक होत गेली. एक ढेकूळ सोडवून मी थोरल्याच्या हातात दिलं. त्याची एक बाजू घासून चमकावल्यासारखी गुळगुळीत होती.

"हे कुनी पॉलिश केलं?" त्यानं विचारलं.

मी त्याला सांगितलं की ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पुन्हा पाऊस आला की खालचं ढेकूळ फुगायला जागा शोधतं आणि शेजारच्यावर घासतं. वर्षानुवर्षं हे चाललंय. म्हणून काळ्या रानात वरचा थर कुठं संपतो आणि खालचा कुठं सुरू होतो, ते नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही. रंग थोडा थोडा बदलत जातो.

आणखी खाली पांढरे खडे दिसायला लागले, ज्वारीच्या दाण्यापासून सुपारीएवढे. मी पिशवीतून सौम्य आम्लाची बाटली काढली आणि एक थेंब टाकला. माती फसफसली. सोड्याची बाटली उघडल्यासारखा आवाज आला. अण्णा काठी टेकून काठावर उभे होते, ते एकदम वाकले.

"चुनखडी," मी म्हणाले. "पाण्यात विरघळून चुना खाली उतरतो आणि पाणी सुकलं की तिथंच बसतो. थेंब वरच्या मातीवर टाकला तर जेमतेम फसफसतो. इथं बघा." मग मी त्यांना तळाची राखाडी, घट्ट माती दाखवली. पावसाळ्यात तिथं पाणी अडतं, खाली जात नाही.

थोरला माझं ऐकत नव्हता. तो वाळक्या खोडाच्या मुळाकडे बघत होता. खणताना ते मूळ अख्खं उघडं पडलं होतं. वरून सरळ खाली आलं होतं, आणि त्या घट्ट मातीला टेकल्यावर कोपरातून वाकवल्यासारखं आडवं वळलं होतं. टोक काळं पडून कुजलं होतं. त्यानं ते बोटांनी चाचपलं.

"म्हणजे रोपाचं काई न्हवतं," तो म्हणाला.

"नाही."

"मी खत टाकून राह्यलो. पानी देऊन राह्यलो." त्यानं कुजलेलं टोक मोडलं. "पान्यानंच मेलं म्हना ना ते."

मला त्याचं वाईट वाटलं. त्या झाडांना तो पोटच्या पोरांसारखा जपायचा. मी म्हणाले की हे रान कापसाला, गव्हाला, हरभऱ्याला चांगलंच आहे, फक्त मोसंबीला नाही. त्यानं मान हलवली आणि खड्ड्यातून वर चढला.

दुसरा खड्डा वरच्या बरडात घ्यायचा होता. दोन्ही भावांच्या मनात तो नुसता उपचार होता. बरडात बघायचं काय? ऊन चढत होतं. मी धुऱ्याच्या अगदी वरच्या अंगाला, दगडांपासून थोड्या अंतरावर जागा दाखवली. कमरेइतकं गेल्यावर पहार मुरमावर खणखणली. मी आत उतरले आणि सवयीनं आधी खालून वर बघत गेले.

तळाशी भुरका मुरूम. हा म्हणजे अर्धा झालेला दगड. ऊन-पावसानं काळा कातळ तडकतो, पाणी फटींत शिरतं, दगड नासत जातो, हातानं चुरता येईल इतका मऊ होतो. त्याच्यावर पातळ तांबूस-तपकिरी माती, खडे मिसळलेली. त्या दगडाचंच पुढचं रूप. इथवर सगळं पुस्तकात आहे तसं होतं. मुलं घोकतात तसं: वरचा थर अ, मधला ब, खालचा क, आणि त्याखाली खडक.

पण त्या तांबूस मातीच्या वर आणखी एक थर होता. काळा. हातभर जाड. आणि दोघांच्या मधे एक रेघ होती, सुरीनं कापावी तशी सरळ.

मी कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. माती आपोआप बनते तेव्हा अशी रेघ पडत नाही. एक थर दुसऱ्यात मिसळत, विरत जातो. रेघ पडते तेव्हा काहीतरी घडलेलं असतं. पूर आलेला असतो, दरड आलेली असते. पण इथं पूर कुठून येणार? आणि उतारावरून वाहून आलेली माती असती तर ती वरच्या बरडासारखीच तांबूस, खडेमिश्रित असायला हवी होती. वर तर नुसता मुरूम. काळं रान सगळं खाली. काळी माती काही आपल्या पायांनी चढ चढत नाही.

मी खुरप्यानं त्या काळ्या थरातलं एक ढेकूळ काढलं, फोडलं. आत पांढरं काहीतरी चमकलं. मला वाटलं चुनखडी. पण तो खडा नव्हता. नखाएवढा शंख होता, गोगलगाईचा, पातळ, अख्खा. मग आणखी एक मिळाला. मग शिंपल्याचा तुकडा.

"अण्णा," मी वर बघून विचारलं, "या रानात गाळ टाकला होता का कधी? तळ्यातला?"

अण्णा म्हणाले, "आपल्या बरडात? न्हाई. धाकट्यानं दोन ट्रॉल्या टाकू म्हनून बोलून दाखवल्तं मागं, पन न्हाई टाकला."

"हा जुना आहे. नांगराच्या तासाखाली रेघ अजून शाबूत आहे. कुणीतरी भरपूर आणून टाकलाय."

तेवढ्यात माय भाकरी घेऊन आली. डोक्यावरचं टोपलं तिनं लिंबाच्या सावलीत उतरवलं आणि काय चाललंय ते बघायला काठावर आली. मी तिच्याकडे शंख वर धरला.

तिनं तो घेतला, पदराला पुसला.

"हे तळ्यातलं," ती म्हणाली. "मीच टाकल्तं."

मायनं आमच्याकडे असं पाहिलं की जणू हे सगळ्यांना ठाऊकच असायला हवं होतं.

मग तिनं सांगितलं. ती नवी होती, मी अंगावर पीत होते, त्या साली गावचं तळं आटलं. अण्णा तेव्हा जालन्याला लोखंडाच्या मिलात कामाला होते, आठवड्याला एकदा यायचे. घरी ती आणि तिची सासू. बरडात ज्वारी पेरली तर गुडघ्याएवढी यायची. तळ्याच्या काठावर कुणीतरी गाळाचा ढीग घातला होता आणि त्यावर तण माणसाएवढं माजलेलं तिनं पाहिलं.

"मला वाटलं, तणाला येवढं मानवतं तर ज्वारीला का न्हाई," माय म्हणाली. "बैलगाडी एक होती, ती पाटलांची मागून आनावी लागायची. गाडी मिळाली की गाडीनं, न्हाईतर पाटीनं. तू बाभळीला झोळीत. सासू तुला झोका देत बसायची आन् मी वाहायची. सारा उन्हाळा त्यातच गेल्ता. पुढच्या सालीबी टाकला थोडा."

"मला तू बोलली न्हवतीस," अण्णा म्हणाले.

"बोलल्ते की. तुमी म्हन्लं, एका पावसात वाहून जाईन सगळं. मंग मी आधी धुरा घातला."

आम्ही सगळ्यांनी धुऱ्याकडे पाहिलं. मोठमोठे दगड, एकावर एक बसवलेले, फटींत बारीक खडे ठोकलेले. मी तो धुरा जन्मापासून बघत होते. आजोबांनी घातला असेल असं समजत होते. खरं तर समजतही नव्हते, विचारच कधी केला नव्हता. मी मोजायची फीत घेऊन वरच्या अंगाला ठिकठिकाणी पहारीनं उकरून बघितलं. वर चढत गेलं तसा काळा थर पातळ होत गेला. आधी वीतभर, मग चार बोटं, मग नाहीच. धुऱ्याजवळ सगळ्यांत जाड. पावसानं गाळ खाली ओढलाच होता, अण्णा काही चुकीचं बोलले नव्हते. पण धुऱ्यानं तो धरून ठेवला होता.

अण्णा लिंबाखाली जाऊन बसले. तळहातावर तो शंख घेऊन बराच वेळ बघत होते.

"त्या साली बरडात ज्वारी कंबरेच्या वर गेल्ती," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "मी समद्या गावाला सांगत फिरलो, औंदा पाऊस बराबर झाला म्हनून."

मायनं भाकरीवर पिठलं वाढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "पाऊस झाल्ताच की बराबर," ती म्हणाली.

जेवताना धाकट्यानं मला मुद्द्याचं विचारलं. मग हे बरड कशाला चांगलं? खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. वर कसदार गाळ, खाली निचरा होणारा मुरूम, चुनखडी जवळजवळ नाही. मोसंबीला याहून बरी जागा आपल्या शिवारात मिळायची नाही, मी म्हणाले.

"मंग बरड मी घेतो," धाकटा म्हणाला.

थोरल्याचा घास हातातच राहिला. "आत्ता? काल तर म्हनत होता, बरडात काय दगड खाऊ का?"

"काल ठाऊक न्हवतं."

"मलाबी ठाऊक न्हवतं. मोसंबी माझी मेली. बरड मला पाहिजे."

आवाज चढले. मी भांडण मिटवायला आले होते आणि माझ्या ज्ञानानं फक्त एवढं झालं की भांडण धुऱ्याच्या खालून उठून वर आलं. अण्णा काठी आपटत दोघांना गप्प करत होते, पण गप्प कुणी होत नव्हतं. मला वाटलं, उगाच आले. न सांगता परत जायला हवं होतं.

"बरड माझ्या नावानं करा," माय म्हणाली.

ती इतक्या साध्या आवाजात बोलली की आधी कुणाला कळलंच नाही. मग धाकटा हसला. थोरलाही हसला. महिन्याभरात दोघं पहिल्यांदा एका गोष्टीवर हसले असतील. माय हसली नाही. ती ताटल्या गोळा करत होती.

"सकाळपावतर कुनालाच नको होतं ना?" ती म्हणाली. "मंग मी मागितलं तर काय बिघडलं? मी हाय तवर मी पाहीन. माझ्या मागं तिघांनी सारखं वाटून घ्या. तिघांनी म्हन्लं मी, दोघांनी न्हाई."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खाली मान घातली. डोळ्यांत आलेलं पाणी मला भावांना दाखवायचं नव्हतं.

अण्णांनी विचार करायला वेळ घेतला. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला आणि त्यांनी एवढंच विचारलं की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला काय काय लागतं. मी चौकशी करून सांगितलं. खालचं काळं रान आडवं न तोडता उभं तोडायचं ठरलं, म्हणजे दोघांनाही ओढ्याकडची खोल माती आणि धुऱ्याकडची जरा हलकी माती सारखी मिळाली. विहीर सामाईक. थोरला पंधरा-वीस दिवस मायशी बोलला नाही. जेवायचा, उठून जायचा. त्याची बायको मधे निरोप ने-आण करायची. मग एके दिवशी तो आपणहून मायकडे गेला आणि म्हणाला, "बरडात मोसंबी लावायची तर खड्डे उन्हाळ्यातच तापू द्यावे लागतात, सांगून ठेवतो." माय म्हणाली, "मंग घे की खंदायला." धाकट्यानं ठिबकच्या नळ्या आणल्या. दोघं एकत्र काम करतात असं मी म्हणणार नाही. एक सकाळी जातो, दुसरा संध्याकाळी. पण एकाच रानात जातात.

वरचा मोठा खड्डा मी पाऊस लागेपर्यंत बुजवू दिला नाही. मला माझी कॉलेजातली मुलं तिथं न्यायची होती. उन्हाळी सुट्टीच्या आधी एका सकाळी आम्ही जीपनं गेलो. मुलांनी आळीपाळीनं आत उतरून माती वळून पाहिली, भिजवून रंग पाहिला, आम्लाचे थेंब टाकले. थरांवर कागदी चिठ्ठ्या टाचायच्या होत्या. एक मुलगी वरच्या थराशी अडली.

"मॅडम, हा कशातच बसत नाही. अ म्हणावं तर खालच्या मातीतून झालेला नाही. काय लिहू?"

"काय दिसतंय ते लिही," मी म्हणाले.

तिनं विचार करून लिहिलं, 'आणलेली माती'. माय काठावर बसून मुलांसाठी आणलेल्या कैऱ्या चिरत होती. तिला लिहिता-वाचता बेताचंच येतं. तिनं विचारलं, पोरीनं काय लिवलं. मी वाचून दाखवलं.

"बराबर हाय," माय म्हणाली, आणि मुलीला कैरीची फोड दिली.

ज्येष्ठात थोरल्यानं खड्डा बुजवला. मी त्या दिवशी योगायोगानं गावी होते. बुजवताना क्रम राखायचा असतो, मी त्याला सांगितलं. आधी मुरूम, मग तांबूस माती, काळी सगळ्यांत शेवटी. त्यानं तसंच केलं. एकदा उकरलेला थर तरीही पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. माती मोकळी होते, फुगते, खड्ड्यात मावत नाही आणि वर उंचवटा राहतो. थोरल्यानं उरलेली काळी माती फावड्यानं पसरली, उंचवट्यावरून दोनदा चालला आणि म्हणाला, "बसंन पावसानं."

मी म्हणाले, "बसेल."

मग आम्ही दोघं धुऱ्यावर बसून पाणी प्यालो. खाली ओढ्याच्या कडेनं धाकटा मोटारसायकलवरून येताना दिसत होता.